खालच्या टाकीचं पाणी

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी खालच्या टाकीत जे होतं ते एवढं: चाळीस लिटर खारं पाणी, गुंतलेल्या हिरव्या दोऱ्यासारख्या शेवाळाचे दोन गोळे, एक नारळाएवढा, एक लिंबाएवढा, गोगलगायी सात, त्यांतल्या दोन उलट्या, काचेवर पांढरे चिमुकले किडे, बोटाच्या पेराएवढ्या चौकोनात चार, आणि नळीने ओढून घेतलेल्या दहा मिलिलिटर पाण्यात, भिंगाखाली, कोपेपॉड, म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसणारे पाण्यातले जीव, तीन. दोन आठवड्यांपूर्वी तेवढ्याच पाण्यात ते एक्केचाळीस होते. ती आली तेव्हा आत येणारं पाणी: शून्य.

अर्पिताने हे वहीत उतरवलं, पुढे वेळ घातली, आणि मग तिच्या लक्षात आलं की खांद्याला पर्स तशीच आहे आणि पायात एकच चप्पल. कॉलेजात दुसऱ्या तासाला पोरं आलीच नव्हती. तासिकेवरच्या बाईने रिकाम्या वर्गात बसून काय करायचं, म्हणून ती रोजच्यापेक्षा तीन तास लवकर घरी आली होती. जिना चढतानाच काहीतरी चुकल्यासारखं झालं होतं. या घरात पाण्याचे तीन आवाज असत. वरच्या टाकीतून पंपाच्या कुंडीत कोसळणाऱ्या पाण्याचा जाड आवाज, पंपाची घुरघुर, आणि पंपाच्या एका फाट्यातून खालच्या टाकीत पडणाऱ्या धारेचा बारीक आवाज, तांब्यातून तांब्यात ओतल्यासारखा. तिसरा आवाज नव्हता. बसल्या गर्दीतून एक माणूस उठून गेलं तर कुणाला कळत नाही, पण ते माणूस आपलं असेल तर पाठमोरं बसूनही कळतं, तसं तिला ते दारातच कळलं. ती धावत आत गेली आणि तिने काही बघायच्या आधी व्हॉल्व्हचं लाल चाक फिरवलं. आधी हात गेला, डोकं मागून पोचलं. धार फसकन आली, तिच्याबरोबर वाटाण्याएवढी एक गोगलगाय बाहेर पडली आणि तळाच्या वाळूत जाऊन बसली. चाक किती फिरवलं ते अर्पिताने मोजलं नाही. मोजायचं विसरली, असं नव्हतं.

‘गोगलगाय नळीत अडकली होती,’ तिने वहीत लिहिलं. शाई वाळेपर्यंत त्या वाक्याकडे ती बघत राहिली. वाक्य चांगलं होतं. त्याला कर्ता होता, क्रियापद होतं, आणि कर्ता गोगलगाय होती.

खुर्चीत अण्णा बसले होते. धुतलेला सदरा, मांडीवर पांढरा टॉवेल, दोन्ही हात टॉवेलवर. बब्रुवान, तिचे वडील, वय अडुसष्ट. वरच्या टाकीतल्या माशाकडे बघत होते. तिच्याकडे वळून म्हणाले, “आलीस व्हय अर्पे? कालेज सुटलं?”

“सुटलं अण्णा.”

“बरं झालं. ऊन लई हाय.”

बाहेर ढग होते. पण कालही ऊन होतं आणि परवाही, तेव्हा हे काही फार चुकलेलं वाक्य नव्हतं. अण्णांची वाक्यं ती अशी पदरात घालून घेई. डॉक्टर म्हणाले होते, हळूहळू होईल, आधी नावं जातील, मग वेळ, मग माणसं. हाताची सवय सगळ्यांत शेवटी जाते. सोलापूरच्या त्या दवाखान्यातून बाहेर पडताना हे शेवटचं वाक्य तिने आधार म्हणून बरोबर घेतलं होतं. हाताची सवय शेवटी जाते. म्हणजे ते स्वतः जेवतील, सदऱ्याची बटणं लावतील, चहाचा कप धरतील. सवय ही चांगलीच असते असं तिने का धरलं होतं कोण जाणे.

घरात त्या सकाळी माणसं दोन होती, आणि त्यांतली एक ती स्वतः बाहेरून आली होती.

दिवाळीत अण्णांना घेऊन ती भागवतदादाकडे, तिच्या भावाकडे, पुण्याला गेली होती. सातव्या मजल्यावर फ्लॅट, खाली तळघरात साऱ्या सोसायटीच्या पाण्याचे पाइप. भाऊबिजेच्या सकाळी अण्णा कुणाला न सांगता खाली उतरले आणि मुख्य व्हॉल्व्ह आवळून वर येऊन निवांत चहा पीत बसले. दीडशे घरं अंगाला उटणं लावून तीन तास कोरड्या नळाखाली उभी होती. वॉचमनने कॅमेऱ्यात बघून सांगितलं तेव्हा दादाची मान खाली गेली. अण्णा म्हणाले, “येळ झाली होती. कवाधरनं चालूच हाय.” तेव्हा सगळे हसले होते, दादाच्या बायकोलाही हसू आलं होतं. मग रात्री गॅलरीत दादा म्हणाला, “आर्पे, ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. उद्या गॅस. परवा दार उघडून रस्त्यावर. मी एका ठिकाणी बोलून ठेवलंय. चांगली जागा आहे, बाया-माणसं चोवीस तास असतात.”

“नवीन जागा होती म्हणून झालं. घरी असं काही करत नाहीत ते.”

“ठीक आहे. घरी एकदा जरी हात लावला ना, गॅसला, नळाला, कशालाही, तर मी गाडी घेऊन येतो. ठरलं?”

“ठरलं,” ती म्हणाली होती. आणि मग सहज विचारावं तसं तिने विचारलं होतं, त्या जागेत खोल्या कशा आहेत. दादा उत्साहाने सांगू लागला. फरशी घसरत नाही, खिडक्यांना जाळ्या, आणि नळ सगळे सेन्सरचे. हात धरला की पाणी येतं, काढला की आपोआप बंद. सोडायची भानगड नाही, बंद करायची नाही. अर्पिताच्या डोळ्यांसमोर अण्णा उभे राहिले, त्या नळाच्या तोंडाशी बोटांनी चाचपत, चाक शोधत.

एकतीस वर्षं ते या गावात पाणी सोडत होते. वॉलमन. सायकलच्या दांडीला आडवी बांधलेली कमरेएवढी लोखंडी चावी, खाकी विजार, खिशात विडी नाही, तंबाखू नाही, फक्त एक घड्याळ, ज्याचा पट्टा तुटल्यापासून ते खिशात असे. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी खाली सोडायची, फेरे मोजत फिरवायची. लहानपणी ती त्यांच्याबरोबर जाई. व्हॉल्व्ह उघडून झाला की ते चावीच्या दांड्याला कान लावायला सांगत. लोखंड थंड असे, कानाला गंज लागे, आणि आतून दूरवरून एक गुणगुण येई, जणू जमिनीखाली कुणीतरी दळत बसलंय. “ऐक. आता चौकात हाय. आता देवळापशी वळलं. आता बघ, आवाज पातळ झाला का? शेवटच्या घराला पोचलं.” तिला नुसती घूं ऐकू येई. पण ती मान हलवी. पुढे एम.एस्सी.ला प्रवाहाची गणितं करताना, दाब, व्यास, घर्षण, तिला प्रत्येक सूत्राच्या मागे तो थंड दांडा कानाशी लागल्यासारखा वाटे.

मासा होता मँडरिन. बोटाएवढा, निळ्यावर नारिंगी वेलबुट्टी, पैठणीच्या काठातून कापून काढल्यासारखा. तिच्या प्रकल्पाची मुदत संपली तेव्हा सरांनी टाक्या, दिवे, पंप, मासा, सगळं घेऊन जा म्हणून सांगितलं. विद्यापीठाला ती खोली हवी होती. समुद्रापासून इतक्या लांब, जिथे नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, तिथे तिने टेम्पोतून समुद्र आणला. शेजारच्या अयोध्याकाकू जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, “पानी मिळंना प्यायला, आन् हिनं त्यात मीठ कालवून ठिवलं! अगं, लोनचं घालतीस का माशाचं?” हा मासा दाणे खात नाही. मेलेलं काही खात नाही. खालच्या टाकीत शेवाळात वाढणारे जिवंत कोपेपॉड पंपातून वर येतात, ते हा दिवसभर एकेक टिपत हिंडतो. म्हणून खालची टाकी. तिला नाव आहे, रेफ्युजियम, म्हणजे आसरा. वरच्या धबडग्यात जे टिकणार नाही त्याला खाली वाढायला दिलेली जागा. तिथे पाण्याची गती हाच सगळा खेळ. पाणी पळालं तर पिल्लं वाहून जातात, वाढायला सवडच मिळत नाही. थांबलं तर शेवाळाचं अन्न तुटतं, तळाशी घाण बसते, प्राणवायू जातो, आणि आसऱ्याचं डबकं होतं. तिने तीन संध्याकाळी हिशेब मांडून आकडा काढला होता: टाकीतलं पाणी तासाला पाच वेळा बदलावं. ताशी दोनशे लिटर. म्हणजे एक लिटरचा जग अठरा सेकंदांत भरला पाहिजे.

तो आकडा ती व्हॉल्व्हवर बसवत होती. कधी चौदा सेकंद, कधी पंचवीस. तासभर ती गुडघ्यांवर बसून चाक इकडे-तिकडे करत होती, तेव्हा अण्णा खुर्चीतून उठले, शेजारी मांडी घालून बसले, आणि दोन बोटं नळीवर ठेवली. डोळे मिटले. चाक पूर्ण बंद केलं, मग उघडलं, दीड फेरा. “लाव तुझं घड्याळ.” जग अठरा सेकंदांत भरला. तिने पुन्हा लावलं. अठरा. तिला हसू आणि रडू बरोबरच आलं. महिन्याभरात ते तिचं नाव दोनदा विसरले होते, आणि ही बोटं मात्र अजून शाबूत होती. त्या आनंदात, त्यांना आणखी थोडं त्या जागी धरून ठेवावं म्हणून, ती बोलून गेली, “अण्णा, समजा हा आपल्या गल्लीचा वॉल. आजपासून तुमच्याकडं.”

 तेव्हा ते लाल चाकाकडे बघत होते. ते वाक्य आता तिला परत घ्यावंसं वाटे. बाकी कुठल्याही गल्लीचं नाव घेतलं असतं तर.

बुधवारी ती पावणेदहाला निघाली तेव्हा अठरा सेकंद. दोनला परतली तेव्हा शून्य. चाक फिरवलं, मोजलं नाही. वहीत: ‘शेवाळाचा धागा?’ गुरुवारी शून्य. ‘नळीच्या तोंडाशी मिठाचा थर?’ तिने जुन्या ब्रशने तोंड घासलं, थर होताही थोडा, आणि त्या पांढऱ्या चुऱ्याकडे ती एवढ्या कृतज्ञतेने बघत राहिली की अण्णांनी विचारलं, “काय सापडलं?” शुक्रवारी शून्य. पंप उघडला, धुतला, फिरती चकती बोटाने फिरवून बघितली. पंप दोषी नव्हता, कारण वरचं पाणी ठीक चालत होतं. विजेचा दाब कमी-जास्त होत असेल. फक्त दहा ते दोन? फक्त खालच्या फाट्यात? शनिवारी अर्धा दिवस आणि रविवारी पूर्ण दिवस ती घरी होती. अठरा, अठरा, अठरा. गोगलगायींना रविवारची सुट्टी असते का, असा प्रश्न तिने वहीत लिहिला नाही, पण तो तिथे होता, दोन ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेत.

दहा मिलिलिटरमध्ये आता कोपेपॉड एक. मँडरिनचं पोट आत गेलं होतं. पाठीच्या कण्याची रेघ कातडीखालून दिसू लागली होती. तो अजूनही काचेपाशी थबकत थबकत टिपत होता, पण जिथे तोंड मारी तिथे काही नसे. एखादं माणूस रिकाम्या ताटात घास चाचपतं तसा.

सोमवारी दारातच अयोध्याकाकू भेटल्या. मधून मधून अण्णांकडे डोकावायचं काम त्यांनी आपणहून घेतलं होतं.

“काकू, मी नसताना अण्णा काय करतात?”

“काय करत्यात? बसत्यात. तुझ्या त्या माशासंगं बोलत्यात. माझ्याशी धा वर्सांत जेवढं बोलले न्हाईत तेवढं त्याच्याशी. म्या म्हणलं, अवो, त्याला कान तरी हायेत का? तर म्हणले, न्हाईत, म्हणूनच बोलतो.”

“आणि उठतात का खुर्चीतून?”

“मानूस हाय बाई, उठंल की. खुटा ठोकलाय व्हय?” मग जरा थांबून, आवाज उतरवून त्या म्हणाल्या, “का गं? काय झालं का?”

“काही नाही. असंच.”

पुढचा प्रश्न तोंडाशी आला होता. दहाच्या सुमाराला उठतात का, खाली बसतात का, त्या टाकीपाशी. तो तिने गिळला. प्रश्न विचारला की उत्तर येतं, आणि आलेलं उत्तर वहीत लिहावं लागतं.

त्या संध्याकाळी भात लावून ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि सतरा वर्षांची झाली. तो उन्हाळा. धरणाच्या तळाला भेगा, गावाला पंधरा दिवसांनी पाणी, तेही तासभर. तेव्हा तिच्याकडे काचेची एक छोटी टाकी होती, बारा गप्पी मासे, पाणी हिरवं पडत चाललेलं. अण्णा पाणी सोडायला निघाले तेव्हा ती दारात म्हणाली होती, “अण्णा, आज आपल्याकडं दहा मिनिटं जास्त सोडा ना. माझी टाकी बदलायची आहे.” त्यांनी ऐकलं की नाही तेही कळलं नाही, ते सायकलवर टांग टाकून गेले. एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाचं ऐकलं नव्हतं, मोठ्या घरांचं नाही, सोयऱ्यांचं नाही, आई तर सांगायच्या भानगडीतच पडत नसे. पण त्या दिवशी त्यांच्या गल्लीत पाणी दहा मिनिटं जास्त चाललं. अर्पिताने टाकी धुतली, भरली, गप्पी पुन्हा सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटच्या वस्तीतल्या शांताक्का आल्या. कपाळाला विभूती, खांद्यावर पदर घट्ट ओढलेला, म्हाताऱ्या पण ताठ. उंबऱ्याच्या बाहेरच उभ्या राहिल्या. त्यांची नजर अण्णांना ओलांडून आत टाकीवर गेली, बारा माशांवर, नितळ पाण्यावर.

“बब्रुवान,” त्या म्हणाल्या, “समद्यांचं वॉल सरळ फिरत्यात रे. तुझंच कसं तुझ्या दाराकडं वळलं? आमच्याकडं घागरीचा तळबी भिजला न्हाय.”

 शांताक्का गेल्यावर अण्णांनी गप्पी एका स्टीलच्या तांब्यात काढले, हळू, एकेक करून. मग घरातलं सगळं पाणी, रांजण, बादल्या, पिंप, घागरींत भरून सायकलवर लटकवून शेवटच्या वस्तीला नेऊ लागले. अकरा फेऱ्या. शेवटच्या फेरीला माशांच्या टाकीतलं पाणीही नेलं. भांड्यांना होईल म्हणाले. तिला ते एक शब्द बोलले नाहीत, त्या दिवशी नाही, नंतर कधीच नाही. ती तांब्यावर वाकून बसली होती. बारा मासे एकमेकांच्या अंगावरून फिरत होते. चौथ्या दिवशी एकही उरला नाही. आणि त्या उन्हाळ्यापासून निवृत्त होईपर्यंत अण्णांनी स्वतःच्या गल्लीचं पाणी दर वेळी दहा मिनिटं आधी बंद केलं. गल्लीतले शिव्या देत. आई बादली अर्धी राहिली तरी बोलत नसे. अर्पिता ती अर्धी बादली बघे.

कुकरची शिट्टी झाली. अण्णा आतून म्हणाले, “कुणाचं तरी पाणी चालूच ऱ्हायलंय बघ.”

“ते टाकीचं आहे अण्णा. ते चालूच असतं.”

“चालूच कसं असंल? पुढच्यांनी काय करायचं मग?”

तिने ऐकलं नाही असं केलं. भातात मीठ घातलं की नाही ते तिला आठवेना, आणि हे साधं विसरणंही तिने मनात नोंदून ठेवलं.

रात्री जेवणं झाल्यावर दादाचा फोन आला. “खरं सांग, आर्पे. कशाला हात लावतेत का?”

“नाही रे.”

“नक्की?”

“नक्की.” आणि मग, कारण खोटं बोलण्याची सवय नसल्यामुळे तिला ते अर्धवट जमेना, ती म्हणाली, “टाकीच्या नळीत काहीतरी अडकतंय दादा. मी शोधून काढते.”

 “कुठल्या टाकीच्या?” दादाने विचारलं. आणि मग अगदी मऊ आवाजात, “अगं, कॉलेज सोडून तू त्यांच्यापाशी बसू शकत नाहीस. बसलीस तर खाल काय? आणि गेलीस तर... मला का वाईट नाही वाटत? बापच आहे माझाही. शोध. दोन दिवसांत काय ते सांग. नसेल सापडत तर मी गुरुवारी निघतो.”

तेव्हा तिला तो प्रयोग सुचला. इतका साधा होता की तिला लाज वाटली. पहिल्या वर्षाच्या पोराला सुचला असता. चाकाच्या मधोमध एक स्क्रू असतो. तो काढला की चाक निघून येतं, मागे उरतो फक्त बोटभर दांडा, गुळगुळीत, चिमटीत न धरवणारा. व्हॉल्व्ह दीड फेऱ्यावर ठेवायचा आणि चाक काढून घ्यायचं. मग माणसाला तो बंद करता येणार नाही. गोगलगायीला, शेवाळाला, मिठाला येईल. वहीचं नवं पान उघडून तिने लिहिलं: ‘चाक काढूनही प्रवाह थांबला, तर कारण नळीत आहे. चाक काढल्यावर प्रवाह चालू राहिला, तर’. इथे पेन थांबलं. वाक्य अर्धं सोडून तिने वही मिटली. आयुष्यात पहिल्यांदा तिने प्रयोगाआधीच निकाल मागून घेतला. थांबू दे, ती म्हणाली, कुणाला ते तिला ठाऊक नव्हतं. नळी तुंबू दे. मासा गेला तरी चालेल. सगळं शेवाळ कुजू दे. परत येईन तेव्हा खाली एक थेंब पडत नसू दे.

मंगळवारी पावणेदहाला अण्णा न्हाणीघरात होते तेव्हा तिने स्क्रू फिरवला. चाक हातात आलं, हलकं, प्लास्टिकचं, बिस्किटाएवढं. धार मोजली: अठरा सेकंद. चाक पर्समध्ये टाकलं. जाताना अण्णांना वाकून नमस्कार केला. रोज करत नसे. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. “पेपर हाय का आज?” त्यांनी विचारलं.

“हो अण्णा.”

“सोपा जाईल. तुला येतंय समदं.”

वर्गात ती परासरण शिकवत होती. खाऱ्या पाण्यातला मासा सतत तहानलेला असतो, सभोवार पाणी असून त्याच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं, म्हणून तो पीतच राहतो, हे ती दरवर्षी सांगे आणि पोरं दरवर्षी हसत. आज एकाने विचारलं, “मॅडम, मग ते थांबलं तर?” ती म्हणाली, “काय थांबलं तर?” आणि फळ्याकडे तोंड करून उभी राहिली. घड्याळात दहा वाजून सव्वीस. बोटं पर्समध्ये गेली होती, चाकाच्या कडेचे खाचे चाचपत होती. ती बोटं डावीकडून उजवीकडे चाक फिरवू लागली, अधांतरी, कशालाही न जोडलेलं. एक फेरा. दीड. तिथे ती आपोआप थांबली. आणि तेव्हा तिला मान्य करावं लागलं की गेल्या आठवड्यात दर दिवशी चाक उघडताना ही बोटं मोजत होती. बुधवारी दीड, गुरुवारी दीड, शुक्रवारी दीड. डोक्याने पान कोरं ठेवलं होतं, बोटांनी ठेवलं नव्हतं. पण आज, तिने स्वतःला बजावलं, आजचं आज. जुनी आठवण ही नोंद नव्हे. बोटांची साक्ष पुराव्यात धरत नाहीत. अजून नळी तुंबू शकते.

पावणेदोनला ती जिन्याशी पोचली. पायऱ्या बावीस. चौदाव्या पायरीवर तिला तो बारीक आवाज ऐकू आला. ती कठड्याला धरून उभी राहिली. आवाजाचं काय, अर्धी धारही वाजते. पाव धारही वाजते. गोगलगायीने तोंड अर्धं बुजवलं असेल. तीस सेकंद लागतील, कदाचित चाळीस. चाळीस आले तरी पुरे, चाळीसवर दादाला सांगता येईल, बघ, अडकतंय काहीतरी.

दार लोटलं. अण्णा खुर्चीत नव्हते. खालच्या टाकीसमोर फरशीवर मांडी घालून बसले होते, पाठ भिंतीला, उजवा हात पांढऱ्या टॉवेलमध्ये गुंडाळून पोटाशी धरलेला. टॉवेलला एका जागी तांबडा डाग होता. अर्पिताने तिथे बघितलं नाही. नंतर बघू. एका वेळी एकच मोजायचं.

“अर्पे,” ते म्हणाले. चेहरा घामेजलेला, पण आवाज स्वच्छ होता, जुना, सायकलवरून हाक मारणारा. “आपल्या गल्लीचा वॉल जाम झालाय. सकाळधरनं फिरंना. तिकडं शेवटच्या घराला अजून थेंब गेला नसंल. माझी चावी कुठं ठिवलीस?”

“बघते अण्णा. तुम्ही उठू नका.”

“येळ झाली ना गं.”

“झाली अण्णा. बघते.”

जुनी माणसं जुन्या गोष्टी बोलतात. बोलणं म्हणजे मोजमाप नव्हे. तिने फडताळावरून एक लिटरचा जग घेतला, गुडघे टेकले, मोबाइलवर घड्याळ लावलं. जग टाकीच्या काठावर टेकवून धरला. अण्णा शेजारून धारेकडे बघत होते. तिने तीनदा मोजलं.

अठरा पूर्णांक एक. सतरा पूर्णांक आठ. अठरा पूर्णांक एक. सरासरी अठरा सेकंद, ताशी दोनशे लिटर.